दाताच्या झिजेवरून लाखो वर्षांपूर्वीचं खाणं कसं वाचायचं: दाढ हातात घेण्यापासून निष्कर्षापर्यंत

घरात जुना पाटा असेल तर एकदा उन्हात तिरका धरून बघा. वरवंटा ज्या दिशेने पुढेमागे फिरतो त्याच दिशेने बारीक चरे पडलेले दिसतात, आणि दगडी खल असेल तर त्याच्या तळाशी चरे जवळपास नसतात, तिथे टवके आणि खळगे असतात, कारण खलात वस्तू सरकत नाही, ठेचली जाते. दाढेचं अगदी असंच आहे. चिवट पाला, गवत असं काही चावताना वरची आणि खालची दाढ एकमेकींवर घासत सरकतात आणि चरे पडतात, टणक बी किंवा कवच फोडताना दाब सरळ खाली येतो आणि खळगे पडतात. लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याच्या दाढेवर हे चरे आणि खळगे अजून शिल्लक असतात. ते वाचायचे कसे, हे मी या लेखात पायरी पायरीने सांगणार आहे, म्हणजे पुरातत्त्व किंवा मानवशास्त्र शिकणाऱ्या कोणालाही, किंवा नुसती आवड असलेल्यालाही, हातात दाढ घेऊन सुरुवात करता येईल.

पण आधी एक गोष्ट सांगतो, कारण हे तंत्र का लागतं ते तिच्यातून कळतं. १७ जुलै १९५९ ला टांझानियात ओल्डुवाई घळीत मेरी लीकी यांना एक कवटी सापडली, साधारण साडेसतरा लाख वर्षं जुनी. डोक्यावर तुऱ्यासारखा हाडाचा कंगोरा, जबड्याचे स्नायू धरायला. दाढा आपल्या दाढांसमोर अवाढव्य, एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, प्रचंड जाड. आज तिला पॅरँथ्रोपस बोइसेई म्हणतात, ही माणसाच्या कुळातली एक नामशेष जात, पण त्या वेळी टोपणनाव पडलं 'नटक्रॅकर मॅन', म्हणजे आपल्या भाषेत अडकित्ता माणूस. जबडा बघून सगळ्यांना वाटलं, हा गडी कठीण कवचाची फळं, बिया फोडून खात असणार. दिसायला तर्क पक्का होता आणि जवळपास पन्नास वर्षं तो टिकला.

मग २००८ मध्ये पीटर अंगर, फ्रेडरिक ग्राइन आणि मार्क टीफर्ड यांनी बोइसेईच्या ७ जणांच्या दाढा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. इथिओपिया, केनिया, टांझानिया इथले हे सात जण, त्यांच्यात काही लाख वर्षांचं अंतर. एकाच्याही दाढेवर टणक पदार्थ फोडल्याच्या खुणा नव्हत्या. खळगे कमी, पृष्ठभाग साधा, बारीक चरे. २०११ मध्ये थ्युअर सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी एनॅमलमधला कार्बन मोजला (त्यावरून खाणं कसं कळतं ते नवव्या पायरीत) तर या प्राण्याच्या खाण्यात सरासरी ७७ टक्क्यांच्या आसपास वाटा गवत आणि लव्हाळ्यासारख्या वनस्पतींचा निघाला. अडकित्ता होता, पण त्याने सुपारी फोडली नव्हती.

माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती फिरतं. दाताचा आकार सांगतो की हा प्राणी काय खाऊ शकला असता, आणि झीज सांगते की त्याने खरंच काय खाल्लं. आकार हा पिढ्यान्पिढ्यांचा वारसा आहे, झीज त्या एका जीवाच्या आयुष्यातली आहे. दोन्ही वाचायचं, पण एकाची उत्तरं दुसऱ्याच्या तोंडी घालायची नाहीत.

सुरुवात करण्याआधी: कुठली दाढ, कोणाची परवानगी

जमिनीत सापडलेले मानवी अवशेष, म्युझियममधल्या वस्तू, यांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही हे उघड आहे. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, रानात मेलेल्या माकडाची किंवा वानराची कवटी दिसली तरी ती उचलून घरी आणायची नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते गुन्ह्यात जाऊ शकतं, वनखात्याला कळवायचं.

सरावाला सगळ्यात उत्तम म्हणजे बोकडाचा जबडा. मटणाच्या दुकानात मुंडी बहुतेक भाजून देतात, तशी चालणार नाही कारण आचेने एनॅमल तडकतं, त्यामुळे आधीच सांगून न भाजलेला जबडा मागायचा. शक्य असेल तर बोकडाचे तीन-चार आणि मेंढीचे तीन-चार घ्या, कारण शेळी झाडपाला ओरबाडणारी आणि मेंढी जमिनीलगत चरणारी, त्यामुळे फरक बघायला चांगलं साहित्य मिळतं. फक्त हे लक्षात ठेवा की शेळी-मेंढीच्या दाढेची रचना माकड-माणसापेक्षा वेगळी असते, त्यांच्यात एनॅमलच्या उभ्या पट्ट्या असतात, म्हणून हा सराव हाताला वळण लागण्यासाठी आहे, शेळीचे आकडे माणसाच्या आकड्यांशेजारी ठेवायचे नाहीत. स्वतःची अक्कलदाढ काढायची वेळ आली असेल तर डॉक्टरांना सांगून ती मागून घ्या, तिचाही उपयोग होतो.

पहिली पायरी: आधी बघा, पुसू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. दाढ मातीत माखलेली असते, हात शिवशिवतो, ब्रश घेऊन घासायला घेतो. थांबा! दातावर जो कडक पिवळसर थर असतो, डेंटिस्टकडे स्केलिंग करताना खरवडतात तोच, टार्टर, त्यात स्टार्चचे कण, वनस्पतींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण ज्यांना फायटोलिथ म्हणतात, असं बरंच काही अडकलेलं असतं. इराकमधल्या शानिदार आणि बेल्जियममधल्या स्पी गुहेतल्या निअँडरथल या नामशेष मानवजातीच्या टार्टरमध्ये अमांडा हेन्री आणि सहकाऱ्यांना वनस्पतींचा स्टार्च सापडला, आणि शानिदारच्या काही कणांवर तो शिजवल्याच्या खुणा होत्या. जुन्या उत्खननांत कितीतरी दात स्वच्छ दिसावेत म्हणून घासून काढले गेले आणि ही माहिती नळाच्या पाण्याबरोबर गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी फोटो, मग टार्टरचा नमुना, मग सफाई, मग ठसा, आणि एनॅमल खरवडून कार्बन वगैरे तपासायचा असेल तर तो सगळ्यात शेवटी. ज्याने वस्तूला कमीत कमी धक्का लागतो ते आधी.

फोटो काढताना उजेड समोरून नको, बाजूने, जमिनीला अगदी चिकटून आल्यासारखा तिरका हवा. संध्याकाळच्या उन्हात नांगरलेल्या शेतातल्या सऱ्या कशा उठून दिसतात, तसं.

दुसरी पायरी: साध्या डोळ्यांनी दिसणारी झीज नोंदवा

सूक्ष्मदर्शकाकडे पळायची घाई नको. आधी नुसत्या भिंगाने बघा की एनॅमल किती झिजलंय, खालचं पिवळट डेंटिन कुठे कुठे उघडं पडलंय, ठिपक्यांएवढं आहे की ठिपके एकमेकांना जोडले गेलेत की संपूर्ण माथाच डेंटिनचा झालाय. बी. हॉली स्मिथ यांनी १९८४ मध्ये यासाठी आठ टप्प्यांची मोजपट्टी दिली, ती आजही वापरतात, चित्रांवरून जुळवायचं आणि १ ते ८ आकडा द्यायचा.

त्याच कामात त्यांनी दाढ कुठल्या कोनात झिजते तेही मोजलं. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांच्या दाढा सपाट झिजतात, शेती करणाऱ्यांच्या तिरक्या. कारण असं की चिवट खाणं चावताना जबडा चहूकडून दळतो आणि सगळा माथा सारखा घासला जातो, शिजवून दळून मऊ केलेलं खाताना दात एकमेकांवर ठरावीक जागीच टेकतात. म्हणजे स्वयंपाकघरात दगडाने जे काम केलं ते दाढेला करावं लागलं नाही, आणि ते तिच्या उतारावर लिहिलेलं राहिलं.

अजून एक युक्ती, जी मला फार आवडते. माणसाची पहिली दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या वर्षी. म्हणजे एकाच जबड्यात पहिली दाढ दुसरीपेक्षा सहा वर्षं जास्त राबलेली असते. दोघींच्या झिजेत जो फरक दिसतो तो म्हणजे सहा वर्षांची झीज! मोठा फरक असेल तर खाणं खरखरीत, फरक बारीक असेल तर मऊ. वय माहीत नसलेल्या सांगाड्यातही हे घड्याळ चालतं, आणि लहान मुलांच्या जबड्यांवरून ते आधी लावून घेता येतं.

आता खरखरीत म्हणजे काय, तर बऱ्याचदा अन्न नाही, अन्नातली कचकच. आपल्याकडे जात्याला टाकी लावली की पहिलं पीठ खायला वापरत नाहीत, कारण त्यात दगडाचे कण येतात आणि भाकरी दाताखाली करकरते. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना जुन्या इजिप्तच्या लोकांचे दात का इतके झिजलेले होते हे समजावून सांगावं लागत नाही, त्यांच्या पावात वाळू आणि दळण्याच्या दगडाचे कण होते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने जे उत्खनन केलं, तिथल्या ताम्रपाषाण काळातल्या माणसांच्या सांगाड्यांचा आणि दातांचा जॉन लुकाक्स आणि सु. रा. वाळिंबे यांनी सविस्तर अभ्यास केला, तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातल्या कोणाला हा विषय खोलात शिकायचा असेल तर सुरुवात तिथून करा असं मी सांगेन, आपल्या काळ्या बेसाल्टच्या मुलखात दगडावर दळलेलं खाणारी ही माणसं आहेत.

तिसरी पायरी: सफाई

फक्त मऊ साधनं. कोमट पाणी, मग कापसाच्या बोळ्याने अॅसिटोन, मग अल्कोहोल, आणि वाळू द्यायचं. जुन्या म्युझियमच्या नमुन्यांवर बऱ्याचदा वार्निश किंवा गोंदाचा थर असतो, तो काढायचा की नाही हे तिथल्या माणसाने ठरवायचं, आपण नाही. लिंबू, व्हिनेगर, कुठलंही आम्ल चालणार नाही, एनॅमल आम्लात विरघळतं आणि चरे सगळ्यात आधी जातात. बोकडाचा जबडा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून मांस सुटं करा, खळखळ उकळू नका, आणि टूथपेस्ट तर अजिबात नको, तिच्यातच घासणारी पावडर असते.

चौथी पायरी: ठसा घेणं

खरी दाढ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. डेंटिस्ट लोक मापं घ्यायला जे अॅडिशन सिलिकॉन वापरतात ते इतकं बारीक ठसा घेतं की एक हजारांश मिलिमीटरच्या आसपासचे तपशील उतरतात. डेंटल मटेरियलच्या दुकानात पिस्तुलासारख्या गनमध्ये बसणारी त्याची नळकांडी मिळतात, दोन घटक टोकातच मिसळून बाहेर येतात. अभ्यासक बहुतेक करून 'प्रेसिडेंट जेट' हा ब्रँड वापरतात, आणि एका अभ्यासात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ब्रँड ठेवायचा हे महत्त्वाचं.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा ज्या पुस्तकात एका ओळीत असतात आणि प्रत्यक्षात दिवस वाया घालवतात. एक, लॅटेक्सचे हातमोजे घालू नका, त्यातल्या गंधकामुळे हे सिलिकॉन नीट सेट होत नाही, चिकट राहतं, नायट्राइलचे वापरा. माझे पहिले सहा ठसे असेच चिकट राहिले आणि मी दोन दिवस मटेरियल खराब आहे समजत होतो. दोन, पहिला ठसा फेकून द्यायचा, तो उरलेली धूळ ओढून घेतो, दुसरा ठसा कामाचा. तीन, ठसा निघाल्यावर त्यात इपॉक्सी, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारी राळ, भरून दाढेची प्रतिकृती काढायची असते, पण ती लगेच ओतू नका, सेट होताना या सिलिकॉनमधून हायड्रोजन सुटत राहतो आणि प्रतिकृतीवर बुडबुड्यांचे गोल खड्डे पडतात. एक रात्र थांबा. हे गोल खड्डे आणि दाढेवरचे खरे खळगे यांत नवशिक्याची फार गल्लत होते, ओळखायची खूण अशी की बुडबुड्याची कड एकदम स्वच्छ, कंपासने काढल्यासारखी असते.

इपॉक्सी पातळ, पारदर्शक घ्या, हळू ढवळा, सेंट्रिफ्यूज मिळालं तर फिरवून हवा काढा, नाहीतर ठशाच्या एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओता म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. पक्कं व्हायला दिवसभर तरी द्या.

जिवंत प्राण्यावरही हेच करता येतं बरं का. कोस्टा रिकामध्ये टीफर्ड आणि केनेथ ग्लँडर यांनी हाउलर माकडांना काही वेळ भूल देऊन दाढांचे ठसे घेतले, त्यांना सोडलं, आणि नंतर तीच माकडं परत पकडून पुन्हा ठसे घेतले, त्यामुळे मधल्या काळात कोणते नवे चरे पडले हे समोरासमोर ठेवून बघता आलं. प्रयोगशाळेतल्या आणि रानातल्या अशा कामांतून कळलं की हे बारीक चरे-खळगे काही दिवसांत ते काही आठवड्यांत पुसले जाऊन नवे पडतात. या गोष्टीला ग्राइन यांनी 'शेवटचं जेवण' असं नाव दिलं, आणि ती निष्कर्ष काढताना फार कामाला येते, पुढे सांगतो.

पाचवी पायरी: दाढेवरची जागा निवडणं

सगळी दाढ सारखी झिजत नाही. चावण्याच्या पहिल्या टप्प्यात दाढा तिरक्या एकमेकींजवळ येतात आणि कात्रीसारखं कापतात, दुसऱ्या टप्प्यात त्या एकमेकींवर दाबून सरकतात आणि दळतात. दोन्ही कामांच्या जागा वेगळ्या. माकड, वानर, माणूस यांच्या अभ्यासात शक्यतो दुसरी दाढ घेतात आणि तिच्यावरचा दळण्याचा एक ठरावीक उतार, ज्याला 'फॅसेट ९' म्हणतात. तुम्ही कुठलीही जागा निवडा पण सगळ्या नमुन्यांवर तीच ठेवा. एका नमुन्याची कापण्याची बाजू आणि दुसऱ्याची दळण्याची बाजू अशी तुलना केली तर तुम्ही खाण्यातला फरक मोजत नाही, जबड्यातल्या जागेतला मोजताय.

आता खूण खाताना पडलेली आहे की मेल्यानंतर, हेही इथेच तपासायचं. वाहत्या वाळूत घरंगळलेली दाढ, उत्खननाच्या अवजाराचा ओरखडा, हे सगळं दिसतं. माझी कसोटी साधी आहे: दाढेच्या गालाकडच्या उभ्या बाजूवर, जिथे वरची दाढ कधी टेकतच नाही, तिथे बघा. तिथेही तशाच खुणा असतील तर हे बहुधा खाण्याचं काम नाही. चरा जर फॅसेटची हद्द ओलांडून पुढे बिनधास्त जात असेल तरीही नाही. प्रयोगांतून एक दिलासा मिळालाय, वाळू-खड्यांत दाढा फिरवून बघितल्या तर जुन्या खुणा पुसल्या जातात, खोट्या खाण्यासारख्या खुणा सहसा तयार होत नाहीत. म्हणजे खराब नमुना बहुतेक वेळा गप्प बसतो, खोटं बोलत नाही, आणि गप्प नमुना बाजूला ठेवायची तयारी असली पाहिजे. आवडता नमुना असला तरी.

सहावी पायरी: मोजणं

तीन रस्ते आहेत, खिशाप्रमाणे निवडा.

पहिला, साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप, ३५ पट मोठं करून. निकोस सोलौनियास आणि जीना सेम्प्रेबॉन यांनी २००२ मध्ये ही पद्धत मांडली. पारदर्शक इपॉक्सीच्या प्रतिकृतीवर तिरका उजेड टाकायचा, डोळ्याच्या भिंगात जाळी बसवून ०.४ बाय ०.४ मिलिमीटरच्या चौकोनातले चरे आणि खळगे मोजायचे. कॉलेजच्या लॅबमध्ये हे जमतं. उजेडाचा कोन एकदा ठरला की हलवायचा नाही, नुसत्या दिवा सरकवण्याने अर्धे चरे गायब होतात.

दुसरा, स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, साधारण ५०० पट. प्रतिकृतीवर सोन्याचा पातळ मुलामा द्यावा लागतो. फोटोवर एकेक खूण आखायची, लांबी रुंदीच्या चौपटीपेक्षा जास्त तर चरा, कमी तर खळगा, हा बहुतेकांनी मानलेला नियम. १९७८ मध्ये अॅलन वॉकर आणि सहकाऱ्यांनी सेरेंगेटीतल्या हायरॅक्स या सशाएवढ्या सस्तन प्राण्याच्या दोन जातींवर जे काम केलं त्याने या सगळ्याला चालना मिळाली. दोन्ही जाती शेजारी शेजारी त्याच खडकांत राहणाऱ्या, एक पावसाळ्यात गवत खाते, दुसरी झाडपाला, आणि दाढा बघून दोघी वेगळ्या ओळखता आल्या. इतकंच नाही, गवत खाणारी जेव्हा कोरड्या दिवसांत पाल्यावर येते तेव्हा तिच्या दाढाही बदललेल्या दिसल्या.

तिसरा रस्ता, कॉन्फोकल मायक्रोस्कोपने पृष्ठभागाचा त्रिमितीय नकाशा काढायचा आणि माणसाने मोजण्याऐवजी सॉफ्टवेअरकडून दोन मुख्य गोष्टी काढून घ्यायच्या, पृष्ठभाग किती गुंतागुंतीचा आणि चरे किती एका दिशेचे. गुंतागुंत जास्त म्हणजे टणक खाणं, एकाच दिशेला झुकलेले चरे म्हणजे चिवट खाणं. २००५ मध्ये रॉबर्ट स्कॉट आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने दक्षिण आफ्रिकेतले ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस आणि पॅरँथ्रोपस रोबस्टस हे माणसाच्या कुळातले दोन नामशेष नातेवाईक तपासले, त्यात रोबस्टसचा पृष्ठभाग जास्त गुंतागुंतीचा आणि आफ्रिकानसचा जास्त एकदिशी निघाला.

हाताने मोजणार असाल तर कळकळीची विनंती, नमुन्यांची नावं झाकून मोजा. दुसऱ्याला सांगा की प्रतिकृतींवर नुसते आकडे टाक, आणि कोणता नमुना कोणाचा हे मोजणी संपेपर्यंत बघू नका. 'हा तर मेंढीचा, म्हणजे चरे असणारच' हे एकदा डोक्यात बसलं की डोळा चरे शोधून काढतो. महिनाभराने त्याच दहा प्रतिकृती परत मोजा आणि मित्राकडूनही मोजून घ्या. दोन माणसांच्या आकड्यांतली तफावत ही दोन प्राण्यांतल्या तफावतीएवढी निघत असेल तर अजून निष्कर्षाची वेळ आलेली नाही.

सातवी पायरी: आज जिवंत असलेल्यांशी तुलना

नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. ज्यांचं खाणं रानात बसून लोकांनी वर्षानुवर्षं नोंदवलंय अशा प्राण्यांच्या दाढा शेजारी ठेवायच्या. इथिओपियाच्या डोंगरावरचं गेलाडा माकड गवत खाणारं, हाउलर माकड पानं आणि फळं, टणक फळं-बिया फोडणारं कॅपुचिन, पश्चिम आफ्रिकेतलं सूटी मँगबी टणक बिया फोडणारं. १९८४ मध्ये टीफर्ड आणि वॉकर यांनी असंच केलं आणि शिवालिकच्या टेकड्यांतून मिळणाऱ्या सिवापिथेकस या नामशेष वानराची दाढ चिंपांझीशी सगळ्यात जुळणारी निघाली, जाड एनॅमल बघून तो टणक खाणारा असेल असं मानलं जायचं त्याला धक्का बसला. बोइसेईसारखीच गोष्ट, पण २४ वर्षं आधी.

आकडे मांडताना सरासरीवर थांबू नका, पसारा बघा. शेवटचं जेवण आठवतंय ना? एका दाढेवर फक्त शेवटच्या दिवसांचं खाणं आहे. समजा एखादा प्राणी वर्षातले दहा महिने मऊ फळं खातो आणि टंचाईच्या दोन महिन्यांत टणक बिया. दहा दाढांपैकी आठ मऊ दिसतील आणि दोन एकदम खळग्यांनी भरलेल्या. सरासरी काढली तर 'मध्यम' असं उत्तर येईल, जे त्या प्राण्याने एकही दिवस खाल्लेलं नाही. रोबस्टसच्या दाढांत असा मोठा पसारा दिसतो, म्हणून तो टणक पदार्थ वेळप्रसंगी खात असावा असं मानतात. म्हणूनच एका दाढेवरून जातीचं खाणं सांगणाऱ्या बातमीवर मी विश्वास ठेवत नाही, आणि तुम्हीही कमीत कमी आठ-दहा तरी नमुने जमवा. जीवाश्मांत ते मिळत नाहीत हे खरं, बोइसेईचे सातच होते, पण सात वेगवेगळ्या काळा-ठिकाणचे आणि सगळे एकाच बाजूला, त्याला वजन आहे.

आठवी पायरी: चरा नक्की कशाने पडला?

यावर अजून भांडण चालू आहे आणि ते तुम्हाला माहीत पाहिजे. बरीच वर्षं समज होता की गवतातले सिलिकाचे कण एनॅमल कापतात. २०१३ मध्ये पीटर लुकास आणि सहकाऱ्यांनी एकेक कण एनॅमलवर घासून दाखवलं की फायटोलिथ एनॅमलला नुसतं दाबून रेघ ओढतं, तुकडा काढत नाही, क्वार्ट्झची धूळ मात्र खरंच एनॅमल काढते. मग २०१५ मध्ये जिंग शिया आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की एनॅमलपेक्षा मऊ कणही झीज करू शकतात. माझं मत असं की धूळ नाकारता येत नाही. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याकडेच्या झाडाच्या पानावर बोट फिरवून बघा, ते पान खाणारी शेळी पानाबरोबर रस्ताही खाते. म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर जागा लिहा, जमीन कशी, ऋतू कोणता, खाणं जमिनीलगतचं की झाडावरचं.

माणसांच्या बाबतीत अजून एक. दात फक्त खायला वापरत नाहीत. निअँडरथलांच्या पुढच्या दातांवर बाहेरून तिरके ओरखडे असतात, मांस किंवा कातडं दातात धरून गारगोटीच्या पात्याने कापताना पात्याचा धक्का लागलेला, आणि ओरखड्यांच्या दिशेवरून तो माणूस उजवा की डावा हेही सांगता येतं. आपल्याकडे राखुंडी, मिशरी लावणारी पिढी अजून आहे, उद्या त्यांचे दात कोणी तपासले आणि पुढची झीज भाकरीच्या खात्यावर टाकली तर चूक होईल. म्हणून पुढचे दात आणि दाढा वेगळ्या वाचायच्या.

नववी पायरी: दुसरा साक्षीदार बोलवा

झीज सांगते की खाणं टणक होतं की चिवट. कोणती वनस्पती हे ती सांगत नाही. त्यासाठी कार्बनचे समस्थानिक, म्हणजे कार्बनचेच पण कमी-जास्त वजनाचे अणू. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण कुरणांतलं गवत ही सी-फोर पद्धतीने अन्न बनवणारी, गहू, तांदूळ, डाळी आणि बहुतेक झाडं-झुडपं सी-थ्री. दोघांतला कार्बन वेगळा, आणि तो फरक खाणाऱ्याच्या एनॅमलमध्ये उतरतो आणि लाखो वर्षं राहतो. शिवाय एनॅमल लहानपणी बनतं, म्हणजे हा साक्षीदार बालपणाचं सांगतो आणि सूक्ष्म झीज शेवटच्या आठवड्यांचं. दोघांचं जुळलं नाही तर लगेच कोणाला खोटं ठरवू नका, ते आयुष्याच्या दोन टोकांचं बोलतायत.

दक्षिण आफ्रिकेतल्या मलापाचा ऑस्ट्रेलोपिथेकस सेडिबा हे याचं सुंदर उदाहरण, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा. २०१२ मध्ये दोन जणांच्या दातांवर तिन्ही गोष्टी तपासल्या, झीज, कार्बन आणि टार्टर. आजूबाजूला गवताळ रान असूनही कार्बन झाडा-झुडपांचा निघाला, आणि टार्टरमध्ये झाडाच्या सालीचे फायटोलिथ सुद्धा. साल खात होता हे नुसत्या दाढेवरच्या चऱ्यांवरून कोणीही सांगू शकलं नसतं, आणि तो टार्टर कोणी घासून काढला असता तर कधीच कळलं नसतं.

शेवटी नोंद आणि साठवण

प्रत्येक ठशावर पेनने नमुना क्रमांक, दाढ कोणती, वरची की खालची, डावी की उजवी, तारीख आणि मटेरियलचा ब्रँड लिहा. पिशवीवर नाही, ठशाच्या पाठीवर, पिशव्या बदलल्या जातात. वहीत लिहा की कुठला चौकोन मोजला, उजेड कुठून होता, कोणते नमुने बाजूला ठेवले आणि का. प्रतिकृती करून झाली तरी सिलिकॉनचा ठसा टाकू नका, थंड कोरड्या जागी, दाबला जाणार नाही अशा डबीत ठेवा. तो बराच काळ टिकतो आणि त्यातून पुन्हा नवी प्रतिकृती काढता येते, म्हणजे दहा वर्षांनी चांगला मायक्रोस्कोप घेऊन कोणी आलं तर त्याला मूळ दाढेला परत हात लावायला लागणार नाही.